यंत्रमानव, गृहोपयोगी

घरातील झाडलोट, फरशी पुसणे, कपड्यांच्या घड्या घालणे, वस्तू उचलून जागेवर ठेवणे, वृद्ध व आजारी माणसांची देखभाल यांसारखी कामे माणसाच्या सततच्या देखरेखीवाचून करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांना गृहोपयोगी यंत्रमानव म्हणतात. साधे घरगुती यंत्र आणि यंत्रमानव यांत मूलभूत फरक आहे. धुलाई यंत्र एका जागी उभे असते, ठरावीक क्रमाने काम करते आणि त्याच्यापर्यंत कपडे नेण्याचे काम माणसालाच करावे लागते. याउलट यंत्रमानव संवेदकांच्या साहाय्याने परिस्थिती जाणून घेतो, तीनुसार पुढील कृती ठरवितो आणि स्वतः हालचाल करून ती पार पाडतो. जाणणे, ठरविणे व करणे या तिन्ही क्रिया एका यंत्रात एकत्र येणे हे त्याचे प्रमुख लक्षण होय.

मराठीतील ‘यंत्रमानव’ या शब्दात ‘मानव’ हा घटक असल्यामुळे हे यंत्र माणसासारखे दिसावे व माणसाप्रमाणे कोणतेही काम करणारे असावे, अशी अपेक्षा निर्माण होते. गृहोपयोगी यंत्रमानवाच्या इतिहासावरही या अपेक्षेचा मोठा प्रभाव पडलेला आहे. प्रत्यक्षात मात्र घराघरांत पोहोचलेली यंत्रे माणसासारखी मुळीच नाहीत. जेथे माणसासारखे सर्वकामी यंत्र तयार झाल्याचा दावा करण्यात आला, तेथे बहुतेक वेळा ते चालविणारा एखादा माणूस पडद्याआड होता, असेही हा इतिहास सांगतो.

पूर्वपीठिका : घरकाम यंत्राकडून करवून घेण्याची कल्पना प्राचीन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात घरव्यवस्थेची चर्चा करताना गुलामगिरीचा विचार केला आहे. मागावरील धोटा आपोआप चालू लागला, तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही, असा विचार त्यांनी तेथे मांडला. स्वयंचलित यंत्राची कल्पना ही सुरुवातीपासूनच दुसऱ्याकडून करवून घेतल्या जाणाऱ्या श्रमाशी जोडलेली आहे, हे यावरून दिसून येते. ‘रोबॉट’ हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक (१८९०–१९३८) यांच्या आर. यू. आर. (१९२०) या नाटकामुळे रूढ झाला. हा शब्द त्यांना त्यांचे बंधू योसेफ चापेक यांनी सुचविला. चेक भाषेतील ‘रोबोटा’ या मूळ शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजे आपल्याकडील वेठ, असा होतो. त्या दृष्टीने पाहता ‘रोबॉट’ या शब्दाला मराठीत ‘वेठ्या’ हा शब्द ‘यंत्रमानव’ या शब्दापेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाणारा ठरला असता.

अमेरिकेतील वेस्टिंगहाऊस या विद्युत् उपकरणे तयार करणाऱ्या कंपनीने १९२७ मध्ये ‘टेलेव्हॉक्स’ हे यंत्र तयार केले. दूरध्वनीवरून आलेल्या विशिष्ट स्वरांनुसार विजेची बटणे चालू वा बंद करणे एवढेच त्याचे काम होते. परंतु त्याला पुठ्ठ्याची मानवाकृती जोडण्यात आली आणि वृत्तपत्रांनी त्याचे यांत्रिक नोकर म्हणून स्वागत केले. याच कंपनीचा ‘इलेक्ट्रो’ हा सु. २ मी. उंचीचा धातूचा पुतळा १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात ठेवण्यात आला होता. तो चालत असे, हात हलवीत असे आणि ध्वनिमुद्रिकांच्या साहाय्याने सु. ७०० शब्द उच्चारीत असे. एकही घरकाम मात्र त्याला येत नव्हते.

घरगुती यंत्रांचे युग : प्रदर्शनातील पुतळे लोकांचे मनोरंजन करीत असताना घरकामाचे खरे यांत्रिकीकरण वेगळ्या मार्गाने होत होते. अमेरिकेतील जोसेफीन कॉक्रन (१८३९–१९१३) यांना १८८६ मध्ये भांडी धुण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात हे यंत्र मांडण्यात आले. त्याचे आरंभीचे ग्राहक मुख्यतः उपाहारगृहे व हॉटेले हे होते. इंग्रज अभियंते ह्यूबर्ट सेसिल बूथ (१८७१–१९५५) यांनी १९०१ मध्ये हवा शोषून धूळ काढणारे यंत्र तयार केले. ते इतके अवजड होते की, घोडागाडीवरून आणून घराबाहेर उभे करावे लागे आणि लांब नळ्या खिडक्यांतून आत न्याव्या लागत. अमेरिकेत ओहायओ राज्यातील कँटन येथे एका दुकानात झाडलोटीचे काम करणाऱ्या जेम्स मरी स्पँग्लर (१८४८–१९१५) यांना धुळीमुळे दम्याचा त्रास होत असे. त्यांनी हातात धरता येईल असा विजेवर चालणारा झाडू तयार केला व १९०८ मध्ये त्याचे एकस्व मिळविले. हूव्हर कुटुंबाने ते विकत घेतल्यावर व्हॅक्यूम क्लीनरचा घरोघरी प्रसार झाला.

या यंत्रांमुळे अंगमेहनत निश्चितपणे कमी झाली. तथापि घरकामाला लागणारा एकूण वेळ त्या प्रमाणात कमी झाला नाही. जोन व्हॅनेक यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत बाहेर नोकरी न करणाऱ्या गृहिणी १९२४ मध्ये घरकामावर आठवड्याला सु. ५२ तास खर्च करीत, तर १९६० नंतरच्या दशकात हा वेळ सु. ५५ तास होता. तंत्रविद्येच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवन (१९४१–    ) यांनी मोअर वर्क फॉर मदर (१९८३) या ग्रंथात याची कारणमीमांसा केली. कपडे धुणे सोपे होताच ते वारंवार धुतले जाऊ लागले आणि स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. पूर्वी घरगडी, धोबी वा कुटुंबातील इतर माणसे यांच्यात विभागलेली कामे एकट्या गृहिणीवर येऊन पडली. गृहोपयोगी यंत्रमानवाचे मूल्यमापन करताना हा निष्कर्ष विसरून चालत नाही.

प्रदर्शनातील चमत्कार : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ‘उद्याचे घर’ ही कल्पना लोकप्रिय झाली. १९५९ मध्ये मॉस्को येथे भरलेल्या अमेरिकन राष्ट्रीय प्रदर्शनात अमेरिकेचे उपाध्यक्ष रिचर्ड निक्सन व सोव्हिएट नेते निकिता ख्रुश्चॉव्ह यांच्यात एका आदर्श स्वयंपाकघरात झालेला वाद प्रसिद्ध आहे. याच प्रदर्शनात व्हर्लपूल या कंपनीने ‘चमत्कारी स्वयंपाकघर’ मांडले होते. त्यात जमीन झाडणारे एक यंत्र आपोआप फिरताना दिसे. वस्तुतः ते दूरनियंत्रित होते आणि आरशामागे बसलेला माणूस ते चालवीत असे.

अशीच एक घटना १९७०–८० या दशकाच्या अखेरीस घडली. अमेरिकेतील क्वासार इंडस्ट्रीज या कंपनीने संभाषण करणारा, घर झाडणारा व जेवण वाढणारा घरगुती यंत्रमानव लवकरच विक्रीस आणत असल्याची घोषणा केली. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधकांना हा दावा तत्कालीन ज्ञानाच्या फार पुढचा वाटला. त्यांनी चौकशी केल्यावर हे यंत्र जवळपास उभा असलेला माणूसच चालवितो व बोलवितो, असे उघड झाले. सूक्ष्मप्रक्रियक स्वस्त झाल्यावर ‘हीरो-१’ (१९८२), ‘टोपो’ (१९८३) व ‘ऑम्निबॉट’ (१९८४) हे छोटे यंत्रमानव बाजारात आले. शिक्षण, छंद व खेळ यांसाठी ते उपयुक्त ठरले, परंतु घरकामात त्यांचा फारसा उपयोग झाला नाही.

कारखाना व घर : याच काळात कारखान्यांतील यंत्रमानव मात्र यशस्वी झाले होते. अमेरिकन संशोधक जॉर्ज डेव्हॉल (१९१२–२०११) यांनी १९५४ मध्ये एकस्वासाठी अर्ज केलेला व अभियंते जोसेफ एंगेलबर्गर (१९२५–२०१५) यांनी उद्योगात आणलेला ‘युनिमेट’ हा यांत्रिक हात १९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसविण्यात आला. साच्यातून निघालेले तप्त धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम होते. कारखान्यात जे साध्य झाले ते घरात का होऊ शकले नाही, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

याचे उत्तर यंत्रापेक्षा परिसरात अधिक आहे. कारखान्यातील यंत्रमानवापुढे तोच भाग, त्याच जागी, त्याच दिशेने आणि ठरलेल्या वेळी येतो. त्याच्या भोवती कुंपण असते, त्यामुळे माणूस मध्ये येत नाही. म्हणजे परिसर यंत्राला सोयीचा करून घेतलेला असतो. घर हे माणसाच्या सोयीने, बहुधा हळूहळू व योजनेवाचून मांडलेले असते. खुर्ची रोज वेगळ्या जागी असते, उंबरठा आडवा येतो, सतरंजीची कड दुमडलेली असते, जमिनीवर खेळणी पडलेली असतात आणि मूल केव्हाही धावत येते. काचेचा पेला, ओला कपडा, पिकलेले केळे व लोखंडी तवा यांना धरण्यासाठी लागणारा जोर वेगवेगळा असतो. माणूस त्याचा अंदाज विचार न करता बांधतो. यंत्राला मात्र त्यातील प्रत्येक गोष्ट मापावी लागते.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात विकसित केलेला ‘शेकी’ हा आपल्या कृतींचा स्वतः विचार करू शकणारा पहिला चल यंत्रमानव मानला जातो. त्याच्यासाठी खास मांडलेल्या, मोजकेच ठोकळे ठेवलेल्या खोल्यांतही एकेक हालचाल ठरविण्यास त्याला बराच वेळ लागे. यंत्रमानवविज्ञ हान्स मोराव्हेक (१९४८–    ) यांनी १९८८ मध्ये या अनुभवाचे सार सांगितले. बुद्धिबळ खेळणे किंवा गणिती प्रमेये सोडविणे यांसारखी माणसाला अवघड वाटणारी कामे यंत्राला तुलनेने सोपी जातात. मात्र पाहणे, चालणे, वस्तू धरणे यांसारखी एक वर्षाच्या मुलालाही येणारी कौशल्ये यंत्राला अतिशय अवघड जातात. ही कौशल्ये उत्क्रांतीच्या कोट्यवधी वर्षांत प्राण्यांच्या मेंदूत साठत आलेली आहेत, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात येते. या दृष्टीने पाहता, अकुशल समजले जाणारे घरकाम हे वास्तविक अत्यंत कुशल काम ठरते. ते करणाऱ्या माणसाला मिळणारी प्रतिष्ठा व मोबदला मात्र त्या कौशल्याच्या मानाने नेहमीच अल्प राहिला आहे.

झाडलोट करणारा यंत्रमानव : या कोंडीतून मार्ग निघाला तो सर्वकामी यंत्राची महत्त्वाकांक्षा सोडून दिल्यामुळे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे शरीरक्रियावैज्ञानिक विल्यम ग्रे वॉल्टर (१९१०–७७) यांनी १९४८-४९ मध्ये कासवाच्या आकाराची दोन छोटी यंत्रे तयार केली होती. प्रकाश व स्पर्श यांना प्रतिसाद देणाऱ्या, अगदी थोडे घटक असलेल्या परिपथावर ती चालत. अडथळा आल्यास ती वळत आणि विद्युत् घटमालेतील शक्ती कमी होताच दिव्याच्या अनुरोधाने आपल्या घरट्याकडे परतत. आजचे झाडलोट करणारे यंत्रमानव तत्त्वतः हेच करतात. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील रॉडनी ब्रुक्स (१९५४–    ) यांनी १९८६ मध्ये मांडलेली नियंत्रणपद्धतीही याच दिशेची होती. यंत्राने प्रथम सर्व जगाचा नकाशा मनात तयार करून मग हालचाल करण्याऐवजी टक्कर टाळणे, भटकणे, शोध घेणे अशा साध्या वर्तनांचे थर एकावर एक रचावेत, असे त्यांनी प्रतिपादन केले.

गवत कापण्याच्या कामात हे तत्त्व प्रथम बाजारात यशस्वी झाले. स्वीडनमधील हुस्कवर्ना या कंपनीने १९९५ मध्ये सौरशक्तीवर चालणारे स्वयंचलित गवतकापणी यंत्र आणले. स्वीडनमधीलच इलेक्ट्रोलक्स या कंपनीचा झाडलोट करणारा ‘ट्रायलोबाइट’ हा यंत्रमानव १९९६ मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आला आणि २००१ मध्ये विक्रीस आला. श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने तो अडथळे ओळखीत असे. त्याची किंमत मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती.

ब्रुक्स आणि त्यांचे विद्यार्थी कॉलिन अँगल व हेलन ग्रायनर यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या आयरोबॉट या कंपनीने सप्टेंबर २००२ मध्ये ‘रूम्बा’ हा यंत्रमानव सु. २०० डॉलर किंमतीस विक्रीस आणला. जाड तबकडीच्या आकाराच्या या यंत्राला हात, चेहरा वा आवाज नव्हता. आपण कोठे आहोत हेही त्याला ठाऊक नसे. नागमोडी वा चक्राकार फिरणे, भिंतीच्या कडेने जाणे आणि अडथळ्याला धडकल्यास कोन बदलून दुसरीकडे वळणे या क्रिया तो आलटूनपालटून करी. जिना ओळखण्यासाठी त्याच्या तळाशी अवरक्त किरणांचे संवेदक होते. किरण जमिनीवरून परावर्तित होऊन आले नाहीत म्हणजे पुढे कडा आहे, असे समजून तो मागे फिरे. एकाच जागेवरून अनेकदा जाणे हे अकार्यक्षम असले, तरी पुरेसा वेळ दिल्यास जवळजवळ संपूर्ण खोली झाडून होत असे. यंत्राला थकवा येत नसल्याने हा अपव्यय खपून जाई. अल्प किंमत व एकच काम या दोन गोष्टींत त्याचे यश सामावलेले होते.

त्यानंतरच्या प्रगतीचा मुख्य विषय दिशाज्ञान हा होय. अनोळखी जागेचा नकाशा काढणे आणि त्याच वेळी त्या नकाशात स्वतःचे स्थान ठरविणे या परस्परावलंबी प्रश्नाची गणिती मांडणी १९८०–९० या दशकात सुरू झाली. घरगुती यंत्रांत हे तंत्र २०१० च्या सुमारास फिरत्या लेसर किरणाच्या साहाय्याने आणि २०१५ च्या सुमारास कॅमेऱ्याच्या साहाय्याने आले. त्यामुळे यंत्र समांतर पट्ट्यांत पद्धतशीर झाडू लागले आणि ठरावीक खोलीत पाठविता येऊ लागले. पुढे ओले पुसणे, धुळीची पेटी आपोआप रिकामी करणे व पुसण्याचे फडके धुणे या सोयीही जोडल्या गेल्या. २०२२ पर्यंत आयरोबॉट या एकाच कंपनीने ४ कोटींहून अधिक यंत्रमानव विकल्याचे जाहीर केले होते. तथापि चिनी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे ही कंपनी अडचणीत आली. अमेझॉन कंपनीने ती विकत घेण्याचा २०२२ मधील प्रस्ताव जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबॉटने दिवाळखोरीसाठी अर्ज केला.

हातांनी काम करणारे यंत्रमानव : जमीन झाडण्यापेक्षा वस्तू हाताळणे कितीतरी अवघड आहे. त्यातही कापड विशेष अवघड असते, कारण त्याला कायमचा आकार नसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २०१० मध्ये ‘पीआर-२’ या दोन हातांच्या यंत्रमानवाकडून पूर्वी न पाहिलेल्या ५० पंचांच्या घड्या घालून घेतल्या. सर्व घड्या बरोबर घातल्या गेल्या, परंतु एका पंचाला सरासरी सु. २५ मिनिटे लागली. संशोधनाच्या दृष्टीने हे मोठे यश होते. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र अंतर किती उरले आहे, हेही त्याने दाखविले. कपड्यांच्या घड्या घालणारे कपाट विकसित करणारी ‘सेव्हन ड्रीमर्स’ ही जपानी कंपनी २०१९ मध्ये दिवाळखोर झाली.

यानंतरच्या काळात नियम लिहून देण्याऐवजी उदाहरणांवरून शिकविण्याची पद्धत पुढे आली. माणूस यंत्राचे हात दूरनियंत्रणाने चालवून एखादे काम अनेकदा करून दाखवितो आणि त्या नोंदींवरून यंत्र ते काम शिकते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जानेवारी २०२४ मध्ये ‘मोबाइल अलोहा’ या यंत्रणेद्वारे प्रत्येक कामाची सु. ५० प्रात्यक्षिके देऊन कोळंबी परतणे, कपाट उघडून भांडे आत ठेवणे अशी कामे करवून घेतली. ऑक्टोबर २०२५ मध्ये वन-एक्स या कंपनीने ‘निओ’ हा मानवाकृती घरगुती यंत्रमानव २०,००० डॉलर किंमतीला जाहीर केला. जे काम यंत्राला येत नाही, ते ग्राहकाच्या संमतीने कंपनीचा माणूस दुरून यंत्र चालवून करील, अशी योजना कंपनीने उघडपणे सांगितली. मॉस्को येथील आरशामागच्या माणसाशी याचे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. फरक इतकाच की, आता त्याचे अस्तित्व लपविलेले नाही आणि त्याच्या हालचालींतून यंत्र शिकत जाईल, अशी अपेक्षा आहे.

सोबत व शुश्रूषा : वृद्धांची संख्या झपाट्याने वाढलेल्या जपानमध्ये घरगुती यंत्रमानवाचा विचार प्रामुख्याने सोबत व शुश्रूषा या अंगाने झाला. सोनी कंपनीचा ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा १९९९ मध्ये विक्रीस आला. २००६ मध्ये त्याचे उत्पादन व २०१४ मध्ये दुरुस्तीची सेवा बंद झाली. त्यानंतर चिबा प्रांतातील एका बौद्ध मंदिरात निकामी झालेल्या आयबोंचे अंत्यविधी करण्यात आले. नव्या रूपातील आयबो २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आला. मित्सुबिशी कंपनीच्या ‘वाकामारू’ (२००५) या बोलणाऱ्या घरगुती यंत्रमानवाला फारसे ग्राहक मिळाले नाहीत. सीलच्या पिलासारखा दिसणारा ‘पारो’ हा यंत्रमानव मात्र स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णांच्या शुश्रूषागृहांत वापरला गेला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्याला वैद्यकीय साधन म्हणून मान्यता दिली. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेने १९९८ पासून ‘केअर-ओ-बॉट’ या साहाय्यक यंत्रमानवाची अनेक प्रतिमाने विकसित केली.

जपानमधील शुश्रूषागृहात प्रत्यक्ष राहून अभ्यास केलेले मानवशास्त्रज्ञ जेम्स राइट यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नोंदविले आहे की, ही यंत्रे हलविणे, पुसणे, चालू करून देणे व रुग्णांपाशी त्यांच्यावर लक्ष ठेवणे यांमुळे परिचारकांचे काम अनेकदा वाढले. कोवन यांनी अमेरिकन गृहिणींबाबत काढलेल्या निष्कर्षाशी हे निरीक्षण जुळणारे आहे.

सुरक्षितता व खाजगीपणा : माणसाच्या निकट सान्निध्यात काम करणाऱ्या यंत्रमानवांच्या सुरक्षिततेविषयी आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने २०१४ मध्ये आयएसओ १३४८२ हे मानक प्रसिद्ध केले. शारीरिक इजेइतकाच गंभीर प्रश्न खाजगीपणाचा आहे. कॅमेरा व नकाशा यांवाचून यंत्राला नीट काम करता येत नाही, पण त्याच साधनांनी घराचे अंतरंग बाहेर जाऊ शकते. आयरोबॉट कंपनीच्या चाचणीसाठी वापरलेल्या यंत्रांनी २०२० मध्ये टिपलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोहोचल्याचे डिसेंबर २०२२ मध्ये उघडकीस आले. त्यांत शौचकुपावर बसलेल्या एका स्त्रीचेही छायाचित्र होते. ही यंत्रे चाचणीकरिता घेणाऱ्यांनी चित्रणास संमती दिली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. यंत्राला वस्तू ओळखायला शिकविण्यासाठी ही छायाचित्रे व्हेनेझुएलातील कंत्राटी कामगारांकडे नावे देण्याकरिता पाठविण्यात आली होती. यंत्राच्या ‘बुद्धी’मागे दूरदेशी अल्प मोबदल्यावर काम करणारी माणसे असतात, ही बाब या निमित्ताने पुढे आली.

भारतातील स्थिती : भारतात घरकाम मुख्यतः घरातील स्त्रिया आणि मोलाने काम करणाऱ्या स्त्रिया करतात. केंद्रीय सांख्यिकी खात्याच्या काल-विनियोग सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यावर खर्च होणारा वेळ २०१९ मध्ये दररोज सरासरी २९९ मिनिटे होता, तर असे काम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे होता. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे २८९ व ८८ असे होते. म्हणजे दोघांचाही वेळ थोडा कमी झाला, परंतु त्यांतील तफावत जवळजवळ तशीच राहिली.

झाडलोट करणारे यंत्रमानव भारतात २०१० नंतर मिळू लागले. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीत कामाला येणाऱ्या स्त्रियांचे येणे थांबल्यावर शहरांतील सधन कुटुंबांत त्यांची व भांडी धुण्याच्या यंत्रांची मागणी वाढली. येथील घराच्या गरजा काही बाबतींत वेगळ्या आहेत. गालिच्याऐवजी उघडी फरशी असते, ती रोज ओल्या फडक्याने पुसण्याची प्रथा आहे, धूळ अधिक असते, न्हाणीघर व स्वयंपाकघर यांना उंबरठे असतात आणि लहान घरांत जमिनीवरच बसणे, जेवणे व झोपणे चालते. त्यामुळे परदेशी घरांसाठी आखलेली यंत्रे जशीच्या तशी उपयोगी पडत नाहीत.

भारतातील प्रश्न केवळ तांत्रिक नाही. घरकाम हे लक्षावधी स्त्रियांच्या उपजीविकेचे साधन आहे. पुण्यातील मोलकरणींनी १९८० मध्ये वेतनवाढ व सुट्टी यांसाठी संप केला होता. त्यानंतरच्या दीर्घ चळवळीतून महाराष्ट्रात ‘घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम, २००८’ संमत झाला. वीस-पंचवीस हजार रुपयांचे यंत्र आणि काही घरांत मिळून काम करणारी स्त्री यांची तुलना ग्राहक केवळ खर्चाच्या दृष्टीने करतो. तथापि यंत्र केवळ फरशी झाडते. ती स्त्री भांडी घासते, कपडे वाळत घालते, भाजी निवडते आणि घरातील आजारी माणसाकडे लक्षही ठेवते. या विविध कौशल्यांची बरोबरी करणारे यंत्र आजवर कोणत्याही देशात तयार झालेले नाही.

मूल्यमापन : गृहोपयोगी यंत्रमानवाच्या सु. शंभर वर्षांच्या इतिहासातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. मानवाकृतीचा आग्रह सोडून एकच काम नेमके निवडणारी यंत्रे टिकली, सर्वकामी यंत्रांचे दावे मात्र आजवर पुन:पुन्हा फसले. दुसरे असे की, यंत्रामुळे श्रम नाहीसे होण्यापेक्षा त्यांचे स्वरूप व स्थान बदलते. झाडणे थांबले, तरी यंत्रासाठी जमीन मोकळी करणे, त्याचे कुंचले साफ करणे व त्यात अडकलेले दोरे काढणे ही कामे कोणाला तरी करावीच लागतात आणि ती बहुधा पूर्वी झाडणारी व्यक्तीच करते. तिसरी गोष्ट म्हणजे, या प्रयत्नांमुळे घरकामाविषयीची समजूत बदलली आहे. ज्या कामाला शतकानुशतके कौशल्यहीन मानण्यात आले, त्याची नक्कल करताना संगणकविज्ञान व अभियांत्रिकी या शास्त्रांचा कस लागला. उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्रांमुळे पुढील काळात या क्षेत्रात मोठे बदल संभवतात. घरातील कामाचा भार कोणी व किती उचलावा, हा प्रश्न मात्र यंत्राने सुटणारा नाही. तो कुटुंबाने व समाजाने सोडवावयाचा आहे.